शर्ट घेताना मी आधी काय बघते

रंग मी सगळ्यात शेवटी बघते. आधी खांदा. खांद्याची शिवण हाड संपतं तिथेच बसली पाहिजे. दंडावर उतरलेली असेल तर तो शर्ट ठेवून द्या. बाही आखूड करता येते, कंबर आत घेता येते. खांदा मात्र उसवायला चांगले शिंपीही कुरकुरतात.

मग वरचं बटण लावा. कॉलरमध्ये दोन बोटं सहज जायला हवीत. चौकडा असेल तर खिशावरच्या रेघा मागच्या रेघांशी जुळतात का, तेही बघा. तिथे चालढकल दिसली की मी शर्ट उलटा करून आतल्या शिवणीही तपासते.

कसा घालायचा, हे खालचा घेर सांगतो. खाली गोलाई असेल तर खोचायचा, सरळ कापलेला असेल तर बाहेर सोडायचा. कोटाशिवाय नुसत्या शर्टात बसायला अवघडणाऱ्या जुन्या माणसांना मात्र हसू नका. युरोपात कित्येक शतकं पुरुषांचा शर्ट हा आतला कपडाच होता. बाहेर दिसायची ती कॉलर आणि कफ.

इजिप्तमध्ये तारखान इथे सापडलेला लिननचा अंगरखा ५,००० वर्षांहून जुना आहे, आणि त्याच्या कोपरांवर वापराच्या चुण्या अजून दिसतात. कपडा अंगात हलतो तो असा. म्हणून आरशासमोर नुसतं ताठ उभं राहू नका. हात पुढे ताणा, खाली बसा. छातीवरची बटणं ओढली गेली तर एक माप मोठं मागा.