माळ्यावरची जुनी छर्ऱ्याची बंदूक पुन्हा चालती करताना

खानापूर तालुक्यातील आमच्या घराच्या माळ्यावर आजोबांची स्प्रिंगवर चालणारी जुनी हवाई बंदूक अनेक वर्षे गोणपाटात गुंडाळून ठेवलेली होती. आजोबा मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त झाले होते. सुट्टीच्या दुपारी परसात डबा मांडून ते आम्हा नातवंडांना नेम धरायला शिकवत, आणि तेलाचा व गरम लोखंडाचा तो वास मला आजही आवडतो. अशी बंदूक आपल्या भागात अजूनही बऱ्याच घरांत असेल. ‘जोर गेला’ म्हणून ती भंगारात घालण्याआधी पुढील काम जरूर करून पाहावे, कारण बहुतेक वेळा बिघाड एका चामडी वायसरापुरताच असतो.

नळी मधून मोडली की आतली स्प्रिंग दाबली जाते आणि दट्ट्या मागे अडकतो. चाप ओढताच दट्ट्या वेगाने पुढे येतो, सिलिंडरातली हवा दाबली जाते आणि ती बारीक छिद्रातून छर्ऱ्यामागे शिरते. दट्ट्याच्या तोंडाशी वाटीच्या आकाराचे चामडी वायसर असते. ते वाळून आकसले की हवा कडेने निसटते आणि डमरूच्या आकाराचा छर्रा पूर्वी ज्या पत्र्याला सहज भोक पाडत असे, त्याच पत्र्यावर आपटून खाली पडतो. मात्र वायसर बदलण्यापूर्वी नळीच्या सांध्यावर पातळ कागदाची पट्टी ठेवून एक छर्रा मारून पाहावा. पट्टी उडाली तर गळती सांध्याच्या छोट्या वायसरातून आहे आणि काम पुष्कळ सोपे आहे.

बंदूक उघडताना घाई करू नये. मोकळी दिसणारी स्प्रिंगही आत दाबलेलीच असते आणि मागचा बोल्ट निघताच ती हातावर किंवा तोंडावर येऊ शकते. त्यामुळे सिलिंडर लांब शिकंजात धरून, बोल्ट काढल्यावर शिकंजा हळूहळू सैल करावा. ही सोय घरी नसेल, तर बेळगावच्या उद्यमबागेतील एखाद्या लेथवाल्याकडे बंदूक नेणे शहाणपणाचे. नव्या वायसराची वाटी घडवण्याचा साचाही त्याच्याकडूनच करून घ्यावा. सिलिंडरचा आतला व्यास व्हर्निअरने मोजून तेवढ्या भोकाची एक कडी आणि चामड्याच्या दुप्पट जाडीने लहान असा एक ठोकळा, एवढाच तो साचा असतो.

चामड्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. अथणी आणि निपाणीकडे कोल्हापुरी चपला करणारे कारागीर बाभळीची साल व हिरडा वापरून कमावलेले चामडे वापरतात. भिजवल्यावर ते मऊ होऊन साच्याचा आकार घेते आणि वाळल्यावर तो आकार धरून ठेवते. तीन-चार मिलिमीटर जाडीची गोल चकती कोमट पाण्यात काही तास भिजवावी, कडीत ठेवून ठोकळ्याने सावकाश दाबावी आणि तशीच दाबलेली ठेवून दोन दिवस सावलीत वाळू द्यावी. उन्हात वाळवल्यास कडा तडकतात. वाळल्यानंतर वाटीची कड धारदार सुरीने सारखी कापावी आणि वायसर रात्रभर तेलात मुरवावे. वाटीचे तोंड पुढे, म्हणजे नळीकडे राहिले पाहिजे, कारण दाबलेली हवाच तिची कड सिलिंडरला चिकटवते. वायसर दट्ट्याला धरणाऱ्या मधल्या स्क्रूचे डोके कडेच्या खालीच राहिले पाहिजे.

तेलाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण लहानपणी माझी चूक येथेच झाली. आजोबा गावी नसताना मी शिलाई मशीनचे तेल हवेच्या छिद्रातून भरपूर ओतले. पहिल्याच छर्ऱ्याला मोठा बार झाला, नळीतून निळसर धूर आला आणि काही दिवसांत स्प्रिंग तुटली. हवा एकदम दाबली गेली की ती तापते आणि डिझेल इंजिनाप्रमाणे तेल पेट घेते. म्हणून खनिज तेल फक्त बाहेरच्या सांध्यापुरते, तेही थेंबभर वापरावे. चामड्यासाठी नीट्सफूट तेल, म्हणजे गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेले तेल, उत्तम. खोबरेल बेळगावच्या थंडीत गोठते, तर जवसाचे तेल वाळून कडक होते. ते लाकडी दस्त्याला मात्र फार शोभते.

छर्रा घालताना उघडलेली नळी एका हाताने घट्ट धरावी. दट्ट्याला मागे धरून ठेवणारी अडकण झिजलेली असेल तर नळी आपोआप मिटून बोटे मोडू शकते. “नळी धरल्याबिगर छर्रा घालायचा नाही बघ,” हे आजोबांचे वाक्य माझ्या कानात कायमचे बसले आहे. रिकामी बंदूक कधीही उडवू नये, कारण छर्ऱ्याचा अडथळा नसला की दट्ट्या थेट सिलिंडरच्या टोकावर आदळतो. ती भरून ठेवूही नये.

या बंदुकीचा धक्का दुहेरी असतो. दट्ट्या सुटताना बंदूक मागे सरकते आणि तो थांबताना पुढे ओढली जाते, तेही छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधी. म्हणून ती आवळून धरू नये आणि कठीण टेकूवरही ठेवू नये. डाव्या तळहातावर हलकेच विसावू द्यावी. निशाण्यासाठी चिंध्यांनी ठासून भरलेल्या पोत्यासमोर दहा मीटरवर डबा ठेवावा. जांभ्याच्या भिंतीवरून छर्रा उलटून येतो. पाखरांवर नेम धरणे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि डब्यावर नेम साधण्याचा आनंद मला कधीच कमी वाटला नाही. शिसे हाताला लागते, म्हणून नंतर हात साबणाने धुवावेत.

नवे वायसर बसायला काही डझन छर्रे लागतात, तोवर जोर कमी-जास्त होत राहतो. खानापूरच्या पावसात रेक्झिनच्या पिशवीत ओल कोंडते. म्हणून मृगापूर्वी लोखंडावर तेलाचा हलका हात फिरवून बंदूक सुती कापडात गुंडाळावी आणि चुलीकडच्या कोरड्या भिंतीला उंचावर, मुलांचा हात पोहोचणार नाही अशी टांगून ठेवावी.