कोजागरीला मालवणात गळ टाकायला जाऊ नका

उजनीच्या पाण्यावर कटला-रोहूला हात बसला की आपल्या सोलापुरातला माणूस ऑक्टोबरात गाडी काढतो आणि थेट मालवण गाठतो. सुरमई, तांबोशी, हेकरू अशी स्वप्नं असतात. आणि दर वर्षी चुका त्याच.

सगळ्यात मोठी चूक दिवस निवडण्याची. सुट्टी बघून बेत ठरतो, म्हणजे कोजागरी नाहीतर दिवाळी. एक पौर्णिमा, दुसरी अमावास्या. दोन्ही उधाणाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटी मोठी आणि पाण्याला जोराची ओढ! धरणाच्या पाण्याला अशी ओढ नसते, म्हणून हे डोक्यातच येत नाही.

आम्ही चौघं असेच कोजागरीला गेलो होतो. तांडेल, म्हणजे होडीवाला, फोनवर म्हणाला होता, "पाण्याक ओढ मोप आसा, चार दिवसांनी येवा." ऐकलं नाही, रजा मंजूर झाली होती ना. तीस मीटर पाण्यात साठ ग्रॅमचा जिग (धातूचं जड आमिष) सोडला, तर दोरी सरळ खाली जायच्या ऐवजी तिरकी होत होडीच्या मागे पळाली. तळ लागलाच नाही. मग जास्त दोरी सोडली, जिग खडकावरून फरफटत गेला आणि अडकला. दुपारपर्यंत सात जिग खडकात, डब्यात दोन बांगडे.

आता मी आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघतो, मग रजा टाकतो. अष्टमीनंतरचे दोन-तीन दिवस भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे, पाणी संथ. दसरा दशमीला येतो. सोनं वाटून रात्री निघा, एकादशीला पहाटे होडीत बसा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजे कळते : अकराची पाऊणपट सव्वाआठ. त्याआधीचे दोन तास मी सोडत नाही. दसरा सप्टेंबरात आला तर मात्र समुद्र निवलेला नसतो, तेव्हा वद्य अष्टमीनंतरचे दिवस धरा.

दुसरी चूक परतीच्या वाटेवर होते. खारं पाणी लागलेली रीलं तशीच डिकीत टाकून रात्रभर गाडी हाणायची. माझ्या मेहुण्याचं नवंकोरं रील दिवाळीनंतर उघडलं, तर बेअरिंगवर हिरवट-पांढरा थर आणि हँडल जाम. किनाऱ्यावरच गोड्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा, घरी हलक्या धारेखाली धुवा. सर्व्हिस सेंटरच्या प्रेशरने मारलेलं पाणी मीठ आणखी आत ढकलतं. दहा मिनिटांचं काम आहे, आणि तेवढा धीर नसेल तर महागडं रील घेऊ नये.

सुरमईसाठी पुढे तारेचा तुकडा लावाच, तिचे दात नायलॉन कापतात.

ड्रॅग, म्हणजे मासा ओढायला लागल्यावर रील किती ताणाला दोरी सोडेल ते, हाताच्या अंदाजाने लावू नका. ताणकाट्याने दोरीच्या ताकदीच्या एक तृतीयांशावर लावा.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तांडेलाला विचारल्याशिवाय तिथे गळ सोडू नका.

रिकाम्या पोटी होडीत चढू नका. कडक भाकरी चालते, तेलकट शेंगा चटणी किनाऱ्यावर आल्यावर.

आणि बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी वाऱ्याचा इशारा, असेल तर आभाळ कितीही निरभ्र दिसो, मागे फिरा. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळ आलं तेव्हा कोकणातले जन्मभर समुद्रावर वावरलेले मच्छीमार परतले नाहीत. असा बावटा बघून मी एकदा सामान न उघडता सोलापूरला परत आलोय.