पाणी वाचवा म्हणताय? मग या चुका टाळा

आठ-दहा दिवसांतून एकदा नळ येणाऱ्या मराठवाड्यातल्या घरांत जाऊन 'पाणी जपून वापरा' म्हणणं तसं अवघडच. ती घरं जपतातच. तरीही पाणी सुटलं की तासाभरात त्याच गल्लीतली गटार वाहू लागते. नासाडी होते ती मुख्यतः या एका दिवशी, आणि आपल्या मोहिमा बोलत राहतात उरलेल्या दिवसांबद्दल. वॉर्डात, सोसायटीत, शाळेत किंवा बचत गटात हे काम करणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

'सगळेच पाणी नासतात' असं सांगणं

"आपल्या गल्लीत कुणालाच पाण्याची किंमत नाही," हे वाक्य बैठकीत हमखास येतं. ऐकणारा त्यातून एवढंच घेतो, की सगळेच सांडतात तर माझ्या एकट्याच्या तोटीनं काय होणार? अमेरिकेत ॲरिझोनातल्या एका राष्ट्रीय उद्यानात, चोरी थांबावी म्हणून, आधीच्या अनेक पर्यटकांनी इथलं अश्मीभूत (दगड बनलेलं) लाकूड उचलून नेलं अशी पाटी लावून पाहिली, तर चोरी उलट वाढली.

चांगलं चाललंय ते सांगा, पण खरं सांगा. तीसपैकी बावीस नळांना तोटी असेल तर तो आकडा फळ्यावर लिहा. आठच नळांना असेल तर "या महिन्यात आणखी तीन घरांनी तोटी बसवली" एवढंच लिहा. फुगवलेला आकडा गल्लीला लगेच कळतो आणि मग पुढचं काहीच कुणी ऐकत नाही.

शेजार सोडून शहराशी तुलना करणं

कोस्टारिकातल्या बेलेन गावात २०१४ मध्ये पाणीबिलावर स्टिकर लावून पाहिले. तुमचा वापर तुमच्या वस्तीच्या सरासरीपेक्षा जास्त की कमी, हे सांगणाऱ्या स्टिकरनं वापर ३.७ ते ५.६ टक्क्यांनी घटला. पूर्ण शहराशी केलेल्या तुलनेचा मात्र ठोस परिणाम दिसला नाही.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मीटर नाही आणि पाणीपट्टी वर्षाची ठोक, तेव्हा तो स्टिकर इथे जसाच्या तसा चालायचा नाही. इथलं माप वेगळं आहे: 'टाकी किती दिवस पुरली?' बायका एकमेकींना हेच विचारतात. हजार लिटरची टाकी, घरात पाच माणसं आणि आठ दिवस, म्हणजे माणशी रोज २५ लिटर. केंद्र सरकारच्या जलजीवन मिशनचं ग्रामीण माप माणशी रोज ५५ लिटरचं आहे. त्याच्या निम्म्यातही ज्या घराचं भागतंय, त्याला आणखी काटकसर शिकवायला जाऊ नका, हात जोडून विनंती आहे. स्वतःची बोअर आणि गच्चीवर दोन टाक्या असलेल्या घरांकडे आधी जा.

आणखी एक. कॅलिफोर्नियात विजेच्या वापरावर झालेल्या प्रयोगात, सरासरीपेक्षा कमी वापरणाऱ्या घरांना सरासरी कळल्यावर त्यांचा वापर वाढला. सोबत हसरा चेहरा छापला तेव्हा ही वाढ थांबली. कमी वापरणाऱ्याला नुसता आकडा देऊ नका, शाबासकीही द्या.

शिळ्या पाण्याकडे दुर्लक्ष करणं

माझ्या मते मराठवाड्यात सर्वांत मोठी संधी इथे आहे आणि पत्रकांत ती क्वचितच दिसते. नळ आला की हंडे, घागरी, टिपाड, हौद भराभर रिकामे होतात. कालपर्यंत प्यायलेलं पाणी आज शिळं म्हणून मोरीत ओतलं जातं.

यावर "अडाणीपणा सोडा" म्हणून चालत नाही, कारण भांडी रिकामी करण्यामागे शहाणपणही आहे. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करून घासलीच पाहिजेत. प्रश्न फक्त उरलेलं पाणी कुठं जातं हा आहे. पाणी सुटायच्या आदल्या संध्याकाळी गल्लीच्या ग्रुपवर एक ओळ टाका: "उद्या नळ येणार. आज उरलेल्या पाण्यात कपडे भिजवा, कूलर भरा, जनावरांना पाजा." पाणी सोडणाऱ्या वॉलमनकडून वेळ कळली की ही ओळ गेलीच पाहिजे. महिन्याभरानं पाठवलेल्या सुंदर चित्रापेक्षा ती जास्त पाणी वाचवेल.

नुसती माहिती वाटणं

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात २००७ मध्ये लाखाहून अधिक घरांवर प्रयोग झाला. फक्त उपाय सांगणाऱ्या पत्रकानं वापर एक टक्काही घटला नाही. शेजाऱ्यांशी तुलना करणाऱ्या पत्रानं जवळपास ४.८ टक्के घटला.

पत्रकाऐवजी एक प्रश्न विचारा: "टाकी भरली की मोटर कोण बंद करणार?" नाव ठरवून बटणाशेजारी लिहायला लावा. 'कुणीतरी करेल' असं असतं, तिथे गच्चीवरून धार लागलेली असते. जमेल त्याला टाकी भरली की पाणी आपोआप थांबवणारा बॉल कॉक बसवायला सांगा, म्हणजे लक्षात ठेवायची गरजच उरत नाही. आरओ फिल्टरच्या टाकाऊ पाण्याच्या नळीखाली बादली कायमची ठेवली की ते पाणी आपोआप फरशीला जातं. पाहुण्याला भरलेला ग्लास देण्याऐवजी तांब्या आणि फुलपात्र ठेवा. आपली जुनीच रीत आहे ती.

भीतीवर मोहीम चालवणं

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर आलं. त्या उन्हाळ्यात थेंब मोजायला कुणी शिकवावं लागलं नाही. त्याच वर्षीच्या पावसात लातूरला पाणी देणारं मांजरा धरण भरलं. धरण भरलं की भीती ओसरते आणि भीतीच्या जोरावर लागलेली सवयही तिच्याबरोबर जाते. म्हणून मोटरपाशी नाव, आरओखाली बादली, आदल्या संध्याकाळचा निरोप या गोष्टी पाणी मुबलक असताना, दिवाळीच्या सुमारास लावून घ्या.

परिणाम होत नसेल तर

आधी चौकातला गळका व्हॉल्व्ह पाहा. नगरपालिकेचं पाणी दिवसरात्र रस्त्यावर वाहत असेल, तर कुणीच तुमचं ऐकणार नाही आणि त्यांचं चुकतही नाही. त्याची तक्रार मोहिमेच्या पहिल्या आठवड्यात गल्लीच्या सह्यांनिशी द्या.

मग बैठकीला कोण येतं ते पाहा. फक्त बायकाच येत असतील, तर पाइपनं गाडी धुणाऱ्यांपर्यंत निरोप पोचलेलाच नाही.

मीटर नसताना मोजायचं कसं? पाणी सुटल्यावर तासाभरानं गल्लीत एक फेरी मारा आणि किती घरांसमोर पाणी वाहतंय तेवढं वहीत लिहा. प्रत्येक पाळीला तीच वेळ, तीच गल्ली. शाळेची सातवी-आठवीची मुलं हे काम मनापासून करतात.