दीड लाख मैल धावलेली स्वस्त इस्टेट कार: घ्यावी की सोडावी?

आई-वडील पुण्याहून तीन महिन्यांसाठी यायचे ठरले, की ब्रिटनमधल्या मराठी घरात गाडीचा विषय निघतोच. चार मोठ्या बॅगा, लोणच्याच्या बरण्यांनी जड झालेली पाचवी पिशवी, मुलांच्या दोन खुर्च्या आणि दाराशी उभी असलेली छोटी हॅचबॅक यांचा मेळ बसत नाही. मग नजर वळते ती इस्टेट गाड्यांकडे, म्हणजे ज्यांचे छप्पर थेट मागच्या दारापर्यंत सरळ नेलेले असते अशा लांबट गाड्यांकडे. भारतात टाटा इस्टेट आणि इंडिगो मरीना आल्या आणि विस्मरणात गेल्या. ब्रिटनमध्ये मात्र कुत्री, कॅरव्हॅन आणि बागेचे सामान बाळगणाऱ्या कुटुंबांनी हा प्रकार अजून जपला आहे. स्कोडा ऑक्टेव्हियाच्या तिसऱ्या पिढीतील इस्टेटची डिकी मागची सीट न पाडताही ६१० लिटरची आहे, आणि २०१५ मध्ये आलेल्या पिढीतील सुपर्ब इस्टेटची ६६० लिटरची. अशा नव्या गाडीची किंमत ऐकून माणूस गप्प होतो, आणि मग जाहिरातींत दोन-अडीच हजार पौंडांची, बारा-तेरा वर्षे जुनी, दीड लाख मैल धावलेली तशीच एखादी गाडी दिसते.

इथे एका शब्दाचा घोटाळा आधीच दूर केलेला बरा. महाराष्ट्रात 'मायलेज' म्हटले की एका लिटरमध्ये गाडी किती पळते, हे आपल्या मनात येते. ब्रिटिश जाहिरातीतील मायलेज म्हणजे गाडीचे एकूण रनिंग, आणि तेही मैलांत. दीड लाख मैल म्हणजे सुमारे दोन लाख एकेचाळीस हजार किलोमीटर. आकडा घाबरवणारा आहे खरा, पण तो एकटा काहीच सांगत नाही. रोज सकाळी एकदा सुरू होऊन मोटरवेवर साठ मैल एका लयीत धावणाऱ्या इंजिनाची झीज कमी होते. शाळा, दुकान आणि पुन्हा घर अशा दोन-दोन मैलांच्या फेऱ्या मारणारे इंजिन पुरते तापतही नाही, आणि त्याची बरीचशी झीज थंड अवस्थेतच होते. शहरात साठ हजार मैल रखडलेल्या गाडीपेक्षा फिरत्या विक्रेत्याची दीड लाख मैलांची गाडी अनेकदा निरोगी निघते, ती यामुळेच. तेव्हा ते मैल कसे गेले आणि त्या काळात गाडीवर कोणी किती खर्च केला, हे शोधून काढणे हेच खरेदीदाराचे मुख्य काम आहे.

त्याआधी मात्र स्वतःच्या वापराकडे पाहावे लागते, आणि बहुतेक लोक नेमकी हीच पायरी गाळतात. स्वस्त आणि भरपूर धावलेल्या इस्टेट गाड्यांपैकी बऱ्याच डिझेलवर चालतात. २००९-१० नंतरच्या जवळजवळ प्रत्येक डिझेल गाडीत काजळी अडवणारे फिल्टर असते. ती काजळी जाळून टाकण्यासाठी इंजिन वीसेक मिनिटे चांगल्या वेगाने चालावे लागते. ज्याचा रोजचा प्रवास स्टेशनपर्यंतच्या दीड मैलाचा आहे, त्याच्या हाती हे फिल्टर काही महिन्यांतच तुंबू लागते, आणि नव्या फिल्टरचे बिल गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर जाऊ शकते. काही महाभाग फिल्टर पोकळ करून गाडी विकतात. मूळ गाडीत असलेले फिल्टर काढलेले आढळले तर फेब्रुवारी २०१४ पासून गाडी वार्षिक तपासणीत नापास होते, हे लक्षात ठेवावे.

दुसरी अडचण हवेच्या नियमांची. लंडनचा यूलेझ, म्हणजे अतिकमी उत्सर्जन क्षेत्र, २९ ऑगस्ट २०२३ पासून शहराच्या सर्व बरोंना, म्हणजे प्रशासकीय विभागांना, लागू आहे, आणि निकषात न बसणाऱ्या मोटारीला त्यात दिवसाला साडेबारा पौंड मोजावे लागतात. डिझेल गाडी युरो ६ या उत्सर्जन मानकाची असावी लागते, म्हणजे साधारणतः सप्टेंबर २०१५ नंतर नोंदलेली. पेट्रोल गाडीला युरो ४ पुरते, म्हणजे बहुधा २००६ पासूनची कोणतीही. हॅरो किंवा वेम्बलीत राहून वर्षातले दोनशे दिवस युरो ५ ची डिझेल इस्टेट चालवली, तर अडीच हजार पौंड केवळ या शुल्कात जातात. तेवढ्यात आणखी एक तशीच गाडी आली असती. बर्मिंगहॅमच्या मध्यभागीही निकषाबाहेरच्या मोटारीला दिवसाला आठ पौंड पडतात. गाडीचा नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकला की काही क्षणांत उत्तर मिळते, त्यामुळे विक्रेत्याच्या 'बहुतेक चालते' या शब्दावर विसंबण्याचे कारण नाही. लंडनमध्ये राहणाऱ्याने या किमतीत होंडा अकॉर्ड टूरर, टोयोटा अव्हेन्सिस किंवा फोर्ड फोकस यांची पेट्रोल इस्टेट शोधावी. ती हुडकायला वेळ लागतो, पण तो वेळ सत्कारणी लागतो.

वापराचा प्रश्न सुटला, की घरबसल्या करण्याजोगे सर्वांत मोलाचे काम उरते ते एमओटीचा इतिहास वाचण्याचे. ब्रिटनमध्ये तीन वर्षांहून जुन्या मोटारीची दरवर्षी एमओटी तपासणी होते, आणि २००५ पासूनच्या तपासण्यांचे निकाल केवळ गाडीच्या नंबरावरून कोणालाही फुकट पाहता येतात. स्थळ पाहायला जाण्यापूर्वी पत्रिका मागवणाऱ्या समाजाला या सोयीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. शिवाय इथे ग्रहांऐवजी ब्रेकच्या नळ्यांची स्थिती लिहिलेली असते. प्रथम दरवर्षीचे मैल एकाखाली एक लिहून काढावेत. दरवर्षी बारा, चौदा, तेरा हजारांची भर पडत आकडा सरळ चढत गेलेला दिसला तर ठीक. आकडा एखाद्या वर्षी मागे गेला, किंवा वर्षाला पंधरा हजार धावणारी गाडी अचानक दीड हजारावर आली, तर मीटर फिरवल्याची शंका घ्यावी आणि स्पष्टीकरण मागावे. मधली दोन वर्षे तपासणीच नसेल, तर गाडी अंगणात उभी होती असा अर्थ होऊ शकतो, आणि उभ्या गाडीचे ब्रेक, रबर आणि बॅटरी धावत्या गाडीपेक्षा लवकर खराब होतात.

पास-नापास या शेऱ्यापेक्षा खालच्या सूचना अधिक बोलक्या असतात. 'मागचा टायर किमान मर्यादेजवळ' हा शेरा एका वर्षी आला आणि पुढच्या वर्षी गेला, तर मालक काळजी घेणारा होता. तीच सूचना पुढच्या वर्षी नापासीचे कारण बनून आली, तर तो मोडेपर्यंत हात न लावणाऱ्यांपैकी होता, आणि त्याने इंजिन ऑइलही त्याच वृत्तीने बदलले असणार. टायर आतल्या कडेने झिजल्याचा उल्लेख वारंवार येत असेल तर चाकांचे अलाइनमेंट किंवा सस्पेन्शनचे बुश पाहावे लागतील. 'गंज' हा शब्द दिसला की थांबून वाचावे. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या या देशात गाडीचा मृत्यू बहुधा इंजिनाने होत नाही, तो खालच्या पत्र्याने होतो. ब्रेकच्या नळ्यांवरचा वरवरचा गंज सोसता येतो. दारांखालचे सिल, इंजिन व सस्पेन्शन धरणारी सबफ्रेम आणि सीटबेल्ट जिथे बसवलेले असतात त्या भागाजवळचा गंज सोसू नये.

एवढे असूनही नुकत्याच पास झालेल्या एमओटीवर फार भिस्त ठेवू नये. क्लच, गिअरबॉक्स आणि इंजिनाच्या आतील अवस्था या तपासणीत येतच नाहीत. त्यासाठी बिले हवीत. सर्व्हिस बुकातल्या शिक्क्यांपेक्षा गॅरेजच्या बिलांवर माझा अधिक विश्वास आहे, कारण शिक्का कोणीही मारू शकतो, पण बिलावर तारीख, मैल आणि सुट्या भागांची नावे असतात. सर्वांत आधी टायमिंग बेल्टचे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची हालचाल जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्याचे, बिल शोधावे. ज्या इंजिनात पट्टा असतो, त्यात तो तुटला की बहुतेक वेळा व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि या किमतीच्या गाडीची कथा तिथेच संपते. पट्टा व पाण्याचा पंप बदलल्याचा कागद नसेल, तर ते काम झालेलेच नाही असे धरून तो खर्च किमतीतून वजा करण्याची मागणी करावी. फोक्सवॅगन किंवा स्कोडाचा सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स, असेल, तर त्याचे ऑइल दर चाळीस हजार मैलांनी बदलावे लागते. दीड लाख मैलांत तशी तीन बिले दिसली पाहिजेत.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात आटोपता येतो. व्हीफाइव्हसी हे लॉगबुक आपल्या आरसी बुकासारखे वाटले तरी ते मालकीचा पुरावा नाही. गाडी कोणाच्या नावे नोंदलेली आहे एवढेच ते सांगते. गाडीवर कोणाचे कर्ज आहे का, ती चोरीची आहे का, आणि विमा कंपनीने ती कधी मोडीत काढली होती का, हे पाहण्यासाठी थोडे पैसे देऊन खासगी इतिहास-तपासणी करून घ्यावी. ऑक्टोबर २०१७ पासून मोडीतून परत आलेल्या गाड्यांवर एस किंवा एन असा वर्ग लागतो. एस म्हणजे सांगाड्याला इजा झालेली, एन म्हणजे सांगाड्याला इजा नसलेली. एस वर्गाची गाडी कुटुंबासाठी घेऊ नये, असे माझे मत आहे.

प्रत्यक्ष पाहणीला दिवसा आणि कोरड्या हवेत जावे, आणि आपण येईपर्यंत इंजिन सुरू करू नये असे विक्रेत्याला आधीच कळवावे. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवावा. ते गरम लागले तर थंड इंजिन सुरू होताना येणारा आवाज किंवा धूर आपल्यापासून लपवला जात असण्याचा संभव आहे. इंजिनाकडे सगळेच पाहतात, पण इस्टेटची खरी कहाणी मागच्या भागात असते. डिकीतील गालिचा उचलून सुट्या चाकाचा खड्डा उघडावा. माझ्या पहिल्या इस्टेटच्या वेळी गालिचा कोरडा आणि सुगंधी होता, म्हणून मी तो उचलला नाही. पुढच्या आठवड्यात त्याखाली चार बोटे पाणी निघाले आणि त्यात विजेच्या जोडण्या भिजत पडलेल्या होत्या. मागच्या दाराचे रबर, दिव्यांच्या कडा, छपरावरची पट्टी आणि काचेच्या छपराच्या निचऱ्याच्या नळ्या या पाणी शिरण्याच्या नेहमीच्या वाटा आहेत. मागचे दार पाच-सहा वेळा उघडमीट करावे: ते वर टिकत नसेल तर गॅसचे दांडे गेले आहेत, आणि ते दुरुस्त करणे स्वस्त आहे, पण वायपर, काच गरम करणारी तार किंवा नंबरप्लेटचा दिवा अधूनमधून बंद पडत असेल, तर बिजागरीजवळ वाकून वाकून वायरी तुटल्या आहेत असे समजावे.

गाडी मागून थोडी बसलेली दिसते का, हे दहा पावलांवरून पाहावे. मर्सिडीजची ई-क्लास इस्टेट आणि बीएमडब्ल्यूची पाच मालिकेतील टूरिंग यांना मागे आपोआप उंची राखणारे सस्पेन्शन असते. ओझ्यासाठी ते उत्तम, पण म्हातारपणी खर्चिक. साध्या स्प्रिंगची ऑक्टेव्हिया किंवा मोंडेओ या बाबतीत मालकाला कमी छळते. टो-बार दिसल्यास गाडीने काय ओढले, असे सरळ विचारावे; दहा उन्हाळे कॅरव्हॅन ओढलेल्या गाडीचा क्लच आणि मागचे शॉकॲब्सॉर्बर यांचे आयुष्य मैलांच्या हिशोबात बसत नाही.

चालवून पाहताना चाळीस मैलांच्या वेगाला वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबावा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडीचा वेग तसाच राहिला, तर क्लच सरकतो आहे. इंजिन बंद करताना खडखडाट झाला, तर ड्युअल-मास फ्लायव्हील, म्हणजे इंजिन आणि क्लच यांच्यामधले धक्के शोषणारे जड चाक, संपत आले असण्याचा संभव असतो, आणि ते क्लचसह बदलावे लागते. चावी फिरवल्यावर धोक्याचे सर्व दिवे आधी लागतात आणि मग विझतात की नाही, हे पाहावे. इंजिनाचा दिवा मुळीच लागला नाही, तर तो कोणीतरी 'शांत' केलेला आहे. गाडी चालवण्याआधी आपला विमा तिला लागू होतो याचीही खात्री करून घ्यावी.

कोणाकडून घ्यावी, हा प्रश्न किमतीइतकाच महत्त्वाचा आहे. डीलरकडून घेतल्यास २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार गंभीर दोष आढळल्यावर तीस दिवसांत गाडी परत करता येते, आणि त्याने पावतीवर 'आहे तशी विकली' असे लिहिले तरी तो हक्क जात नाही. खासगी विक्रेत्याकडून घेताना ती जाहिरातीतील वर्णनाप्रमाणे असावी एवढेच मागता येते, म्हणून जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. तरीही दहा वर्षे एकाच घरात असलेली आणि बिलांची जाड फाइल असलेली खासगी गाडी मी डीलरच्या पॉलिश केलेल्या गाडीपेक्षा आधी पाहीन.

शेवटी हिशोब. पूर्ण बजेट तीन हजार पौंडांचे असेल, तर गाडी दोन हजारांची पाहावी आणि उरलेला तिसरा भाग पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा. विम्याचा भाव पाहणीपूर्वीच काढावा, कारण देशात नव्याने आलेल्या चालकाला तो गाडीच्या किमतीएवढासुद्धा येऊ शकतो. मार्च २००१ ते मार्च २०१७ दरम्यान नोंदलेल्या गाडीचा रस्ता-कर तिच्या कार्बन उत्सर्जनावर ठरतो. त्यामुळे छोट्या डिझेल इंजिनाला तो किरकोळ, तर मोठ्या पेट्रोल इंजिनाला शेकड्यांत पडतो. जुन्या मालकाने भरलेला कर आपल्याकडे येत नाही. लॉगबुकातील हिरव्या चिठ्ठीवरचा क्रमांक वापरून तो लगेच भरावा लागतो, आणि त्यानंतरच गाडी रस्त्यावर न्यावी.

घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात ऑइल, सर्व फिल्टर आणि ब्रेक-फ्लुइड बदलून घ्यावेत आणि टायमिंग बेल्टचा कागद मिळाला नसेल तर ते कामही करून घ्यावे. आई-वडिलांना आणायला हीथ्रो विमानतळाची फेरी त्यानंतर, आणि तीही आधी दोन-तीनशे मैल एकट्याने चालवून झाल्यावर.