तळ्याचा प्रोजेक्ट करताय? पाणी आणि माणसं एकत्र कशी अभ्यासायची

सोलापुरात सिद्धेश्वर, कंबर, हिप्परगा नाहीतर उजनीवर प्रोजेक्ट करणारे भरपूर. पण होतं काय, सायन्सवाले बाटल्या भरून पीएच आणि ऑक्सिजन काढतात, सोशलवाले वेगळ्याच महिन्यात जाऊन फॉर्म भरून घेतात आणि शेवटी दोन चॅप्टर शेजारी शेजारी चिकटवून देतात. याला जोडणं म्हणत नाहीत राव.

सुरुवातच अशा प्रश्नाने करा की ज्याचं उत्तर एकट्याने देताच येणार नाही. समजा प्रश्न घेतला, जाळ्यात चिलापीच (तिलापिया मासा) जास्त का येते? आता चिलापी कमी ऑक्सिजनमध्ये तगते, साठलेल्या पाण्यात वर्षातून बऱ्याचदा पिल्लं काढते, आणि कटला-रोहूला अंडी घालायला वाहतं पाणी लागतं म्हणून तलावात त्यांचं बीज, म्हणजे बारीक पिल्लं, सोडावं लागतं, हे झालं बायोलॉजी. पण बीज सोडतं कोण, ठेका कुणाकडे, जाळ्याचा आस (भोक) किती बारीक, बाजारात कुठला मासा लगेच उठतो, हे पाण्यात बुडवायच्या प्रोबमधून (मोजणीच्या यंत्रातून) कळणार नाही, त्यासाठी काठावर बसून गप्पाच माराव्या लागतात.

वेळ आणि जागा मात्र दोघांची एकच ठेवा, सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. शेवाळ वाढलेल्या पाण्यात दुपारी ऑक्सिजन भरपूर असतो कारण शेवाळ उन्हात तो बनवतं, रात्रभर सगळेच वापरतात म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी. तुम्ही अकराला जाऊन मस्त रीडिंग घेणार, आणि मच्छीमार मामा म्हणणार, पाणी खराब आहे, मासे वर येऊन तोंड उघडतात. दोघंही खरं बोलताय, तो पहाटेचा साक्षीदार आहे बस. म्हणून पहाटे त्यांच्यासोबतच जा. बाटलीत बुडबुडा राहू देऊ नका, विंकलर पद्धत (रसायनं टाकून ऑक्सिजन मोजायची रीत) असेल तर रसायनं टाकून ऑक्सिजन जागेवरच फिक्स करा, आणि त्याच ठिकाणी किती जाळी टाकली, किती वेळ, कुठले मासे किती आले ते वहीत उतरवा.

मुलाखतीत "प्रदूषण वाढलंय का" असलं विचारू नका, सगळे हो म्हणतात. साल पण कुणाला आठवत नाही. ७२ चा दुष्काळ, उजनीत पाणी अडवलं तेव्हा, ९३ चा भूकंप, अशा खुणा धरून विचारा, की भूकंपाच्या आधी जाळ्यात काय यायचं. कन्नड नाहीतर तेलुगू बोलणारा मित्र सोबत असला तर माणसं मोकळी बोलतात. बारीक आसाची जाळी, पाणी उपसायच्या मोटारी असले विषय निघाले तर नावं लिहू नका आणि न विचारता रेकॉर्डिंग तर अजिबात नको.

उजनीवर काम असेल तर धरणाची पातळी रोजच्या रोज टिपा. एकूण साठा साधारण ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे धरणातून सहज सोडता न येणारं तळाचं पाणी. पाणी ओसरलं की गाळपेर जमीन उघडी पडते, तिथे पिकं येतात, खतं पडतात आणि पुढच्या पावसाळ्यात ती जमीन परत पाण्याखाली. फॉस्फेटच्या आकड्याशेजारी तिथे काय पेरलं होतं हे लिहिलेलं नसेल तर तो आकडा मुका.

नंतर सगळं एकाच शीटमध्ये भरा, तारीख, ठिकाण, रीडिंग, मासे, कोण काय म्हणालं. जिथे रीडिंग आणि माणूस जुळत नाही ती ओळ पिवळी करा, डिलीट करू नका, परत जाऊन तेच विचारा. आणि सबमिट करायच्या आधी दोन पानी मराठी रिपोर्ट काठावरच्या लोकांना वाचून दाखवा, ते जे खोडून काढतील तेही आत घाला, गाईड कुरकुर करेल, करू दे.