पाचही स्वर असलेले इंग्रजी शब्द, शेवटी असे सापडले

लेकीला ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर असलेले इंग्रजी शब्द हवे होते, एज्युकेशन लगेच सुचला पण पुढे गाडी अडली. लिनक्सवर डिक्शनरीच्या फाइलमधे ग्रेप (फाइलमधून हव्या त्या अक्षरांच्या ओळी शोधून देणारी कमांड) मारला तर जवळजवळ अख्खी फाइलच समोर आली, कारण मी पाचही अक्षरं एकाच चौकोनी कंसात टाकलेली आणि त्याचा अर्थ होतो यातलं कुठलंही एक. मग प्रत्येक अक्षराला वेगळा ग्रेप दिला, पाचही पाइपने जोडले (म्हणजे एकाचं उत्तर पुढच्याला जातं), दर चाळणीला शब्द कमी होत गेले आणि हवे तेच उरले! सिकोया (sequoia) बघून लेक जाम खूश, सातच अक्षरं आणि त्यात पाच स्वर. स्वर ए, ई, आय, ओ, यू याच क्रमाने हवे असतील तर एकच ग्रेप पुरतो, अक्षरांच्या मधे डॉट आणि स्टार टाकायचं (म्हणजे मधे काहीही चालेल), फसीशस (facetious) तसाच मिळाला.