जुना एएमएक्स-१३ विकत घेताय? या चुका टाळा

जाहिरातीतला फोटो ठरलेला असतो: गाडी समोरून, तोफेची नळी थेट आपल्यावर रोखलेली. गिऱ्हाईक तिथेच पाघळतं. फ्रेंच एएमएक्स-१३ रणगाडा घेताना पैसे बुडतात ते मात्र नळीत नव्हे, कागदांत, इंजिनात आणि पट्ट्यांखाली.

हा हलका रणगाडा आपल्याला अगदीच परका नाही. १९६२ च्या ऑक्टोबरात भारतीय सैन्याच्या २० लान्सर्स रेजिमेंटचे एएमएक्स-१३ एएन-१२ मालवाहू विमानांतून लडाखमध्ये चुशूलला उतरवले होते. १ सप्टेंबर १९६५ ला छांबमध्ये याच रेजिमेंटची एक स्क्वाड्रन त्यांच्या जोरावर पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांसमोर उभी राहिली. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात तो बघायलाही मिळतो. संग्राहकांचा बाजार मात्र युरोपातला, कारण फ्रान्सखेरीज स्वित्झर्लंड, नेदरलँड्स आणि ऑस्ट्रियाच्या सैन्यांनीही तो वापरला.

पहिली चूक म्हणजे ‘कागद नंतर बघू’. तोफ निकामी केल्याचं अधिकृत प्रमाणपत्र आहे का, त्यावरचा क्रमांक तोफेवरच्या क्रमांकाशी जुळतो का, हे बयाणा देण्याआधी बघा. ‘वेल्डिंग मारलंय, काही होत नाही’ हे विक्रेत्याचं वाक्य आहे, प्रमाणपत्र नव्हे. शिवाय एका देशात मान्य असलेलं निकामीकरण दुसऱ्या देशात चालेलच असं नाही. अमेरिकेत अर्ध्या इंचापेक्षा मोठ्या व्यासाची चालू तोफ ‘विध्वंसक साधन’ म्हणून नोंदवावी लागते. ब्रिटनमध्ये पट्ट्यांनी वळणारी गाडी रस्त्यावर काढायची तर लायसन्सवर एच वर्ग हवा.

नावावर जाऊ नका. १३ हा आकडा आराखड्यातल्या वजनाचा. प्रत्यक्षात गाडी १५ टनांच्या घरात भरते. तेरा टनांचा हिशोब धरून ट्रेलर ठरवला, तर गाडी दारात आणि ट्रेलरवाला परत, अशी गत होते. रुंदी अडीच मीटरच आहे, तेवढा दिलासा. प्रकारही नीट ओळखा: एफएल-१० बुरूज (तोफ धरणारा वरचा फिरता भाग) आणि ७५ मिमी तोफ ही मूळची जोडी, एफएल-१२ वर १०५ मिमी. सिंगापूरने तर पेट्रोल इंजिन काढून डेट्रॉइट डिझेल बसवलं. ‘ओरिजिनल’ म्हणून भाव सांगितला, की नेमकं काय ओरिजिनल ते एकेक विचारा.

आता इंजिन. सोफाम कंपनीचं आठ सिलिंडरचं, आडवं, २५० अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन. विक्रेता तुम्ही पोचायच्या आधीच ते गरम करून ठेवतो. रेडिएटरला हात लावा; कोमट लागला तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू झालं पाहिजे आणि अर्धा तास चाललं पाहिजे, त्यातला काही वेळ गाडी चढाला लावून. सुरू होऊन पाच-दहा मिनिटांनी बंद पडत असेल, तर कार्बोरेटर उघडण्याआधी पेट्रोलचा फिल्टर काढा. वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या टाकीतला गंज आणि चिकट झालेलं पेट्रोल तिथे येऊन बसतं. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, सौदा तिथेच थांबवा. रबरी नळ्या बाहेरून धड दिसल्या तरी सगळ्या बदला. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलपुढे जुनं रबर टिकत नाही, आणि इंजिन चालकाच्या अगदी उजव्या हाताशी आहे. आग विझवायचं सिलिंडर जवळ असल्याशिवाय किल्ली फिरवू नका. पेट्रोलचा खर्चही धरा: टाकी सुमारे ४८० लिटर, पल्ला रस्त्यावर फार तर ४०० किलोमीटर.

गाडी एका बाजूला ओढते म्हणून गिअरबॉक्स खोलणारे बरेच भेटतात. आधी दोन्ही पट्ट्यांचा ताण सारखा आहे का बघा, मग वळणाच्या ब्रेकचं ॲडजस्टमेंट. गिअरबॉक्स सगळ्यात शेवटी. पुढच्या दातेरी चाकाचे दात हुकासारखे वाकले असतील तर ते आणि पट्टे एकदमच बदलावे लागतात. एकच नवं घातलं तर जुनं त्यालाही खातं. जी बाजू बसल्यासारखी दिसते तिथलं एकेक चाक पहारीने उचलून बघा. सहज वर आलं तर आतला टॉर्शन बार, म्हणजे चाकाला स्प्रिंगसारखा आधार देणारा दांडा, तुटलाय.

पाणी कुठून येतं हे कोणी विचारतच नाही. या गाडीचा बुरूज दोन तुकड्यांचा: खालचा गोल फिरतो, तोफ धरलेला वरचा आख्खाच वर-खाली झुलतो. मधल्या सांध्यावरचं आवरण फाटलं की पावसाचं पाणी थेट तळाशी साठतं. टॉर्च घेऊन बुरुजाखाली वाका. ताज्या रंगाखाली फोड दिसले तर गंज आहेच. बुरुजाच्या मागच्या बाजूला तोफेत गोळे आपोआप भरणारी, सहा-सहा गोळ्यांची दोन ड्रम आहेत का, तेही त्याच फेरीत बघून घ्या. तीच या गाडीची खरी गंमत, बारा गोळे भराभर सुटतात. काढून टाकलेली असतील तर किंमत उतरवून मागा.

शेवटी मापाचा प्रश्न. तीन माणसांची ही गाडी साडेपाच फुटांच्या आसपासच्या सैनिकांना धरून बनवलेली. चालकाच्या जागी स्वतः बसा, झाकण लावून घ्या, पॅडलवर पाय ठेवा आणि दहा मिनिटं तसेच राहा. गुडघा कुठे अडकतो ते कळलं, की मग भावाचं बोला.